ओटीवरचा दवाखाना

७ नोव्हेंबर, गुरुवार

खुर्ची ओटीच्या दारातच का, तर दुसरीकडे ऊन येतं म्हणून. एवढंच. यात राजकारण नाय. खुर्ची माझी, ओटी माझी, दार माझं. अजून कोणी विचारलेलं नाय, पण विचारतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

उपकेंद्राचा स्लॅब पडायला आला. इंजिनियर बघून गेला, बोलला आत बसू नका. वरच्या ऑफिसने आमच्या आरोग्य समितीला विचारलं, नवीन बांधेपर्यंत दवाखाना कुठे बसवायचा. समितीत मी, बाकीचे मान डोलवायला. मीटिंगमध्ये एक बोलला शाळा, एक बोलला अंगणवाडी, एक बोलला पुढच्या मीटिंगला ठरवू. चहा दोनदा आला. मी उठलो आणि बोललो, माझी ओटी. रस्त्याला लागून, पत्रा नवा, समोर नळ, पाड्याच्या मधोमध. मीटिंग संपली. काम असं करायचं असतं.

घरी येऊन बायकोला, सुकीला, सांगितलं. ती भात झोडून आली होती, पदर छातीशी घट्ट धरून उभी. बोलली, घरातच दवाखाना? मी बोललो, नशीब समज. लोक तलासरीपर्यंत धक्के खातात, तुझ्या चुलीपाशी सिस्टर येणार. ती चूल पेटवायला आत गेली. खूश झाली असेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

नियम ठरवले. आधी काय होतं, पोटुशी बायका वेगळ्या दिवशी, पोरं वेगळ्या दिवशी, बीपीवाले वेगळे, खोकलेवाले वेगळे. नुसता गोंधळ. माणूस आपला आजार लक्षात ठेवील का वार लक्षात ठेवील? आता एकच वार, मंगळवार. एकच लाईन. एकच दार.

अर्धं आयुष्य घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाडीत मुकादम होतो. पेट्या भरायच्या आधी माल निवडायला लागतो. इथे पण तेच करणार. सिस्टरकडे जायच्या आधी प्रत्येकाने मला सांगायचं काय होतंय. मी तीन भाग करणार. कच्चा म्हणजे उगाच आलेला, घरी जा. पिकलेला म्हणजे गोळीवर भागेल. दबलेला म्हणजे सिस्टरने पहिला बघायचा.

शाळा पाचवीपर्यंत, पण देठ बघून फळ कळतं मला. हात लावायला लागत नाय. शेठ बोलायचा, लक्ष्याच्या पेटीत सडका चिकू निघाला तर मी मिशी काढीन. मिशी शेवटपर्यंत होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस. जोरदार.

निलम सिस्टर स्कूटीवर आली. तरणी पोर, पण कामाची वाटते. लोखंडी कपाट, टेबल, बीपीचं मशीन, वजनकाटा, सगळं ओटीवर लावलं. नारळ फोडला. लाईन पार नळापर्यंत. मी दारात खुर्चीवर. प्रत्येकाला मोठ्याने विचारलं, कारण रस्त्यावर टमटम चालू असतात आणि म्हातारे बहिरे.

रघ्या आला. खोकतो. मी विचारलं, टीबीच्या तपासणीची थुंकीची डबी आणलीस का? सगळे वळून बघायला लागले. शेजारची बाई पोराला घेऊन मागे सरकली. रघ्या बोलला, नाय, मी असाच आलो होतो, नळावर. गेला. बघा, मशीन नाय, तपासणी नाय, आणि एक कच्चा माल बाजूला झाला.

जाताना सिस्टर बोलली, बाबा, इथे एक पडदा पाहिजे. मी बोललो, नाटक करायचंय का?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टर पडद्यावर अडून बसली. शेवटी वाडीतून आणलेली हिरवी जाळी होती, रोपांवर टाकायची, ती बांधली. हवा खेळते, उजेड येतो, पलीकडचं सगळं दिसतं. पडदा असावा तर असा. सिस्टर जाळीकडे बघत राहिली. आवडली असेल.

आज एक नवीन गोष्ट ध्यानात आली. बायकांची लाईन होती. शेजारच्या चिमणच्या बायकोला विचारलं काय होतंय, बोलली डोकं दुखतं. सुनिलची पोटुशी बायको, डोकं दुखतं. तिच्या मागची, डोकं. सगळ्यात मागची, तिचं पण डोकं. पदर तोंडावर आणि सगळ्यांचं डोकं. मी सिस्टरला बोललो, साथ आहे, वर कळव, डोकेदुखीच्या गोळ्या पोत्याने पाठवा.

सिस्टर हळूच बोलली, बाबा, तुम्ही थोडा वेळ आत बसा, मग बोलतील त्या. मी बोललो, आत बसलो तर लाईन कोण लावणार? आणि या काय परक्या आहेत? कोणी सून, कोणी पुतण्याची बायको, कोणी भावजय. परक्या माणसासमोर बाई लाजेल. घरच्या म्हाताऱ्यासमोर कशाला लाजेल?

ती बीपीचं मशीन पुसायला लागली.

संध्याकाळी सुकीला विचारलं, तुझं दुखतं का डोकं? बोलली, नाय, डोकं नाय दुखत. बरं वाटलं. एक तरी बाई धड आहे पाड्यात.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लाईन कमी. रघ्या बायकापोरांसकट वीटभट्टीवर गेला. दिवाळीनंतर सगळे जातातच. पण जाताना तो माझ्या दारावरून नाय गेला, मागच्या शेतातून गेला. तिकडून लांब पडतं. माणसं उगाच पाय दुखवून घेतात.

३ डिसेंबर, मंगळवार

आज सिस्टरचं नवीन खूळ. तिशीच्या वरच्या सगळ्या बायकांची तपासणी. बीपी, शुगर, आणि बोलली, छातीची पण बघायची, गाठ वगैरे असते. मी बोललो, आमच्याकडे बायका काम करतात, गाठी बसून राहणाऱ्यांना होतात. ती बोलली, असं नसतं बाबा. मग बोलली, आजचा दिवस ओटीवर बाप्या माणूस नको. मी बोललो, बरोबर आहे, कोणी दिसला तर हाकलतो.

ती माझ्याकडेच बघत होती. मग कळलं. मी बोललो, अगं, मी बाप्या कुठे, मी समितीचा आहे. तरी तिचं तोंड उतरलेलं. म्हणून मोठ्या मनाने खुर्ची फिरवली. पाठ ओटीकडे, तोंड रस्त्याकडे. आता याहून जास्त काय करायचं माणसाने?

एक पण बाई आली नाय. लांबून माझं तोंड बघायच्या आणि नळावरून परत जायच्या.

मध्येच सुकी आतून दारात येऊन उभी राहिली. मी मान वळवली म्हणून दिसली. हात पदराखाली. तिने सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने तिच्याकडे. सिस्टर बोलली, या ना मावशी. सुकीने माझ्याकडे बघितलं. मी बोललो, काय गं? ती आत गेली.

चहात दूध किती घालायचं ते विचारायचं असेल.

१० डिसेंबर, मंगळवार

सुकीचा डावा हात वर जात नाय. नळावरून हंडा दक्षाच आणते आता. दक्षा म्हणजे आमची सून, जीवनची बायको. माहेर गुजरातच्या हद्दीत, पोर चांगली, माझ्याशी थेट बोलत नाय, तशी पद्धतच आहे. काय सांगायचं तर सुकीमार्फत. आज सुकीमार्फत बोलली की आईंचा हात दुखतो. मी बोललो, भात झोडलं की हात दुखतो. ते पण दुखणं धरलं तर पाडाच्या पाडा दवाखान्यात बसेल.

सून आली की सासूला आराम सुचतो. माझी आई पण तशीच होती.

२४ डिसेंबर, मंगळवार

चार म्हातारे आणि एक बोट कापलेला पोऱ्या. बस. ओटी रिकामी, हवा छान.

चिमण येऊन कट्ट्यावर बसला. शेजारी, लंगोटीयार, सकाळपासून ताडी. बोलला, लक्ष्या, तुझा दवाखाना लय भारी हाय. आजार घाबरून गुजरातला पळून गेले. मी बोललो, शिस्त लावली की होतं. तो हसत सुटला. हसता हसता खोकला, मग पाणी मागितलं. मी बोललो, लाईनीत ये.

एक बघितलं. नितीनची भाड्याची इको गाडी मंगळवारी भरून जाते, गुजरात बॉर्डरच्या बाजूला. सगळ्या बायका. सुनिलची पोटुशी बायको पुढच्या सीटवर. लग्नसराई जवळ आली, कपडे घ्यायला जात असतील. माझ्या दारासमोर नितीन हॉर्न देत नाय, गाडी हळू पण करत नाय. नवीन ब्रेक टाकले वाटतं, जपून वापरतो.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सण असून मी खुर्चीवर. सिस्टर पण आली. दोघांनी तिळाचा लाडू खाल्ला. पेशंट नाय.

सुकी आणि दक्षा सकाळीच इकोने गेल्या. सुकीची बहीण बॉर्डरच्या पलीकडे दिलेली, तिच्याकडे. येताना गोळ्यांचं पाकीट आणलं, लाल गोळ्या. बोलली, बहिणीने ताकदीच्या दिल्या. मी चिडलो. माझ्या ओटीवर कपाट भरून गोळ्या आणि ही बॉर्डर ओलांडून गोळ्या आणते. बायकांना माहेरच्या माणसाने दिलेलं विष पण गोड.

दक्षा चुलीकडे तोंड करून बोलली, तिथे पण बाप्याच डॉक्टर होता. कोणाला बोलली कळलं नाय. सुकीने तिच्याकडे डोळे वटारले. सणासुदीला मी काय विचारत बसलो नाय.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी खुर्ची गायब. शोधली तर गोठ्यात, वर गवताचा भारा. सुकीमार्फत कळलं, दक्षाला ओटी सारवायची होती. सारवायला मंगळवारच मिळतो. खुर्ची धुऊन परत दारात.

२८ जानेवारी, मंगळवार

खुर्चीचा पाय मोडलेला. आपोआप. प्लास्टिक असं आपोआप मोडत नाय, पण घरात कोणाला माहीत नाय. तारेने बांधला. बसलो की थोडी कलते, डावीकडे. सवय होईल.

दुपारी वर पाठवायचा रिपोर्ट केला. सिस्टर बोलली, बाबा, लोक येत नायत असं लिहू. मी बोललो, येत नायत कारण आजार नाय, मग आजार नाय असंच लिहायचं. ती बोलली, तसं लिहिलं तर हा वारच काढून घेतील. मी बोललो, चांगलं काम केलं म्हणून कोणी शिक्षा करतं का? माझ्या सहीने तसंच गेलं. पाड्यात आजार राहिलेला नाय.

सिस्टरने कपाटाला कुलूप लावलं. डबा न उघडताच पिशवीत टाकला. पोर जेवत नसेल वेळेवर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तालुक्याला मीटिंग. साहेबाने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. सगळ्यात कमी पेशंट आमच्या पाड्यात. टाळ्या. गुलाबाचं फूल. मला चार शब्द बोलायला लावले. मी बोललो, एक लाईन, एक दार, आणि दारात जबाबदार माणूस. साहेब बोलला, मॉडेल आहे. कैनाडचा एक जण नंतर विचारत होता, दारात कसला माणूस बसवायचा? मी बोललो, वयाचा, नात्यातला, ज्याला सगळे ओळखतात असा.

घरी येऊन फूल सुकीला दिलं. तिने उजव्या हाताने घेतलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुकी उतरली. ब्लाउज सैल झाले म्हणून जीवनचा जुना शर्ट घालते साडीवर, थंडी गेली तरी. बरंच आहे, म्हातारपणी वजन कमी पाहिजे, सिस्टरच सगळ्यांना सांगते.

तिच्या अंगाला हळदीचा वास येतो. पदरावर पिवळे डाग, एकाच बाजूला. लोणच्याचे दिवस नायत. विचारलं तर बोलली, भाजी सांडली. मग दुसऱ्या दिवशी पण भाजी सांडली.

चिमण आला. आज ताडी न पिता. बसला नाय, उभ्यानेच बोलला, लक्ष्या, सुकीवहिनी बरी हाय ना? मी बोललो, बरी आहे. तो बोलला, माझी बायको बोलत होती. मी बोललो, तुझ्या बायकोचं डोकं दुखतं, तिचं ऐकू नको. तो माझ्या खुर्चीकडे बघत राहिला. मग बोलला, तू एक मंगळवार माझ्याकडे ये ना, पत्ते खेळू. मी बोललो, मंगळवारी? वेड लागलंय का?

काहीतरी पाहिजे असणार त्याला. शुद्धीत असला की काहीतरी पाहिजेच असतं.

११ मार्च, मंगळवार

ऑफिसचा माणूस टेम्पो घेऊन आला. सिस्टरचा मंगळवार डोंगराकडच्या पाड्याला दिला. तिकडे पेशंट जास्त. इकडे आजारच नाय, रिपोर्टमध्ये आहे, सही माझी. मी बोललो, बरोबर आहे. ज्याला गरज त्याला द्या. माझं नियोजन पुरं झालं म्हणून तर दवाखाना दुसरीकडे निघाला.

कपाट टेम्पोत चढवायला मी गेलो. ड्रायव्हर नवशिका, दोरी कशी बांधायची माहीत नाय. पेट्यांची गाडी कशी बांधतात ते त्याला दाखवलं. तेवढ्यापुरता खुर्चीवरून उठलो. इतक्या मंगळवारांत पहिल्यांदा.

परत आलो तर ओटीवर कोणी नाय. आतलं दार लावलेलं. दक्षा दाराला पाठ लावून उभी. मी बोललो, बाजूला हो. ती हलली नाय. पदर डोक्यावर, मान खाली, पण हलली नाय. सून सासऱ्याची वाट अडवते असं आमच्यात बघितलेलं नाय. मी खुर्चीवर जाऊन बसलो. खुर्ची कलली.

मग सिस्टर बाहेर आली. तोंड पांढरं. बोलली, बाबा, मावशींना मोठ्या दवाखान्यात न्या. उद्याच न्या. मी बोललो, काय झालं? ती बोलली, मावशी सांगतील. मागे सुकी उभी, शर्टाची बटणं लावत. मी तिला विचारलं, काय झालं? ती बोलली, गुडघे.

गुडघ्यांना उद्याच कशाला? महालक्ष्मीची जत्रा होऊन जाऊ दे. दरवर्षी सुकी गड चढून जाते. गुडघे असले तर देवीच बघेल.

सिस्टरने स्कूटी चालू केली, एकदा दाराकडे वळून बघितलं. मग गेली.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सगळे परत आले भट्ट्यांवरून. रघ्याला दोघांनी धरून उतरवला. ओळखलाच नाय मी. डोळे आत, हातांच्या काड्या. मी हाक मारली, त्याने तोंड फिरवलं. सणाला दारू जास्त झाली असेल.

सुकी होळीला फिरली नाय. नारळ दक्षाच्या हाती दिला. घरी भिंतीला टेकून बसून होती.

जीवन कंपनीतून सुट्टी काढून आला. दक्षाशी मागच्या अंगणात गुजरातीत बोलत होता, हळू आवाजात. मी गेलो की दोघं गप्प. मला काय गुजराती येत नाय असं नाय. पण मी जाईपर्यंत वाक्य संपलेलं असायचं.

१५ मार्च, शनिवार

जीवन बोलला, आईला मुंबईला नेतोय. डहाणूला दाखवलं काल, त्यांनी तिकडे पाठवलं. मी बोललो, काल डहाणूला गेलात? मला बहिणीकडे सांगितलं. तो बोलला, बाबा, यायचं तर गाडीत बसा. मी विचारलं, काय झालंय ते कोणी धड सांगेल का? जीवन दक्षाकडे बघतो, दक्षा सुकीकडे, सुकी बाहेर. मी तीन वेळा विचारलं. चौथ्या वेळी जीवनने सांगितलं. एका शब्दात.

मी बोललो, डॉक्टर लोक घाबरवतात.

गाडीत बसलो. इस्पितळात गर्दी असते, लाईन लावायला कोणीतरी पाहिजे.

१२ एप्रिल, शनिवार

मध्ये लिहिलं नाय. वेळ नव्हता. वेळ होता, पण वही घरी होती.

जत्रा सुरू झाली. चिमण जाऊन आला. प्रसाद दक्षाच्या हाती दिला, मला नाय. बोलला, वहिनीला पाठव. सुकी मुंबईलाच आहे, जीवन तिच्याजवळ. अजून किती दिवस, विचारलं की डॉक्टर बोलतात बघू. मला सांगत नायत, जीवनला बाजूला घेऊन सांगतात. मग जीवन येतो आणि बोलतो, बाबा, चहा घेणार? आता त्याच्याकडून आलेला चहा पण मला नको वाटतो.

मला घरी पाठवून दिलं. तिथे माझं काम नाय बोलले. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी वॉचमनशी वाजलं. बायकांच्या वॉर्डाबाहेर लाईन वाकडी होती, मी सरळ करत होतो. वॉचमन बोलला, बाबा, इथे पुरुषांनी थांबायचं नाय. मी बोललो, मी पुरुष नाय, मी नवरा आहे. सगळ्या बायका हसल्या. मुंबईच्या बायका, त्यांना काय माहीत. मी जिन्याजवळ जाऊन उभा राहिलो. खुर्ची कुठेच नव्हती.

घरी दक्षा आहे. तिला आता माझ्याशी बोलायला मध्ये कोणी नाय. भिंतीशी बोलते. भिंतीला सांगते, भाकर झाली. भिंतीला सांगते, फोन आला होता, आज ताप होता. मी भिंतीकडे बघून बोलतो, बरं. काल भिंतीला बोलली, ओटीवरून खुर्ची काढली तरी चालेल आता. खुर्ची दारातच आहे. मी बसत नाय तिच्यावर. कलते.

मंगळवारी दारासमोरून इको गेली. भरलेली. नितीनने हॉर्न दिला. पहिल्यांदा. कशाला दिला माहीत नाय.

एक लिहायचं राहिलं. मुंबईला दुसऱ्या दिवशीचं. जाड पडदा होता, निळा, खाली जमिनीपर्यंत, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी या बाजूला. आत डॉक्टरीण सुकीला विचारत होती, मावशी, गाठ कधीपासून आहे? सुकी बोलली, दिवाळीपासून. एवढी स्पष्ट बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढ्या मोठ्या आवाजात तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. दिवाळीपासून, आधी बोराएवढी होती. डॉक्टरीण बोलली, मग तेव्हाच का नाही दाखवली? तुमच्याकडे जवळ दवाखाना नव्हता का?

सुकी बोलली, होता. पण लांब पडायचा.

चुलीपासून ओटी किती लांब ते सगळ्या पाड्याला माहीत आहे. मला विचारू नका. मी काय सांगणार नाय.